आवाज आणि अंक : दूरवर संदेश नेण्याच्या दोन रीति

ज्यांत एकही मोबाईल नाहीं असें घर आतां खेड्यापाड्यांतही विरळाच सांपडेल. त्यामुळें "डिजिटल" हा शब्द सर्वांच्या तोंडीं झाला आहे. डिजिटल पैसे, डिजिटल सातबारा, डिजिटल शाळा असें आपण नित्य ऐकतों. पण ह्या शब्दाचा अर्थ काय असें कोणी विचारलें, तर बहुतेक लोक "कॉम्प्युटरवर चालतें तें" किंवा "नवें आणि चांगलें तें" एवढेंच सांगतात. ह्यांतील पहिलें उत्तर अपुरें आहे आणि दुसरें तर उत्तरच नव्हे. गांवांत ज्यांच्याकडे लोक चार गोष्टी विचारावयास येतात, अशा शिक्षकांनीं व उपदेशकांनीं तरी हा विषय मुळापासून समजून घ्यावा, ह्या हेतूनें हा धडा दिला आहे. ह्यास गुणाकारापलीकडे गणित लागत नाहीं. लक्ष मात्र लागतें.

संकेत म्हणजे काय

येथें कांहीं बदल करावा आणि तो दूर असलेल्या मनुष्यास कळावा, ह्या बदलास संकेत म्हणतात. बांधावरून मारलेली हांक, देवळाची घंटा, स्टेशनांतील हिरवा दिवा, हे सर्व संकेतच होत. परंतु हांक व घंटा ह्या दोहोंत एक मोठा भेद आहे, तो नीट पाहावा. मूल रडूं लागलें म्हणजे आई दुरून त्याचा आवाज ऐकते. तो किती उंच, किती कांपरा, किती दमलेला, ह्या प्रत्येक बारकाव्यांत अर्थ आहे. त्या आवाजास पायऱ्या नाहींत. तो कितीही थोडा चढूं शकतो आणि कितीही थोडा उतरूं शकतो. उलट पक्षीं, घंटेचे तीन टोल म्हणजे अमुक गोष्ट, असें गांवानें ठरविलें असेल, तर टोल जोरानें पडले कीं हळू पडले, दोरी ओढणारा म्हातारा होता कीं तरुण, ह्यानें अर्थ बदलत नाहीं. तीन ते तीनच. साडेतीन टोल असा प्रकारच नाहीं.

पहिल्या जातीच्या संकेतास अ‍ॅनालॉग म्हणतात. मूळ वस्तु जसजशी बदलते, तसतसा तोही त्याच मापानें बदलतो. मूळ वस्तूशीं त्याचें सादृश्य असतें, म्हणून हें नांव. मराठींत त्यास आपण अखंड संकेत म्हणूं. दुसऱ्या जातीच्या संकेतास डिजिटल म्हणतात. डिजिट म्हणजे अंक. आणि हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ "बोट" असा आहे, कारण मनुष्य प्रथम बोटांवरच मोजावयास शिकला. ह्यास अंकांचा संकेत म्हणावें. टेंकडीचा उतार आणि जिना ह्यांवरून हा भेद ध्यानांत राहील. उतारावर मनुष्य कोठेंही उभा राहूं शकतो. जिन्यावर पहिल्या पायरीवर राहील किंवा दुसऱ्या पायरीवर, दोहोंच्या मध्यें राहावयास जागा नाहीं. ताप पाहावयाच्या जुन्या कांचेच्या नळींत पारा अखंड चढत असे; हल्लींच्या तापमापकांत ९९.१ नंतर एकदम ९९.२ उमटतें.

ह्या दोन्ही रीति विजेच्या तारेवर फार पूर्वीं चढल्या, आणि नवल हें कीं, अंकांची रीति आधीं चढली. सॅम्युएल मोर्स ह्यानें ता. २४ मे १८४४ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टन शहरांतून सुमारें ४० मैलांवरील बाल्टिमोर शहरीं तारेनें संदेश पाठविला. (तो संदेश गणनेच्या पुस्तकांतील २३ व्या अध्यायाच्या २३ व्या वचनांतून घेतला होता, वाचकांनीं तें वचन काढून पाहावें.) त्या तारेंत प्रवाह एक तर असे किंवा नसे, थोडा वेळ असला तर टिंब, अधिक वेळ असला तर रेघ. टिंबे व रेघा ह्यांवरून अक्षरें बनत. म्हणजे ज्यास आपण डिजिटल म्हणतों, तें कॉम्प्युटरच्याही शंभर वर्षें आधींचें आहे.

टेलिफोन मागाहून, १८७६ सालीं आला, आणि तो अखंड जातीचा होता. अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यानें त्याचें पेटंट त्या सालीं घेतलें. बोलणाऱ्याच्या तोंडापुढें हवा कांपते, त्या हवेनें एक पातळ पडदा कांपतो, आणि पडद्याच्या कंपाच्या मापानें तारेंतील प्रवाह कमीअधिक होतो. दुसऱ्या टोंकास तोच प्रवाह दुसऱ्या पडद्यास तसाच हालवितो, आणि ऐकणाऱ्याच्या कानीं ओळखीचा आवाज पडतो. आवाजाचें चित्रच जणूं तारेंतून जातें. ही युक्ति मोर्सच्या युक्तीपेक्षां अधिक सुंदर आहे ह्यांत संशय नाहीं. तरी पुढें असें दिसून आलें कीं, लांबच्या वाटेवर ती टिकाव धरीना.

लांबच्या वाटेवर काय होतें

कोणताही संकेत दूर जातां जातां दोन विकारांस पात्र होतो. एक तर तो क्षीण होतो. दुसरें, त्यांत बाहेरची घाण मिसळते. शेजारच्या तारेची गुणगुण, आकाशांतील वीज, खुद्द तारेच्या उष्णतेनें होणारी बारीक खळबळ, हें सर्व त्यांत शिरतें. ह्या घाणीस आपण खरखर म्हणूं. क्षीणतेस औषध आहे: वाटेंत वर्धक यंत्र, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बसवावें आणि प्रवाह मोठा करावा. परंतु वर्धकास आवाज कोणता आणि खरखर कोणती हें कळत नाहीं. तें दोहोंसही सारखेंच मोठें करतें. पुढच्या पन्नास कोसांत आणखी खरखर मिळते, पुढचें वर्धक तीही वाढवितें. अशीं दहा ठाणीं झालीं म्हणजे दहाही ठिकाणची घाण शेवटच्या मनुष्याच्या कानांत एकत्र येऊन पडते.

आतां पोथी उतरविणाऱ्या लेखकाकडे पाहा. जुन्या पानावर "क" हें अक्षर शाईनें थोडें फुटलें आहे, त्याची रेघ वांकडी झाली आहे. लेखक तें पाहतो, "हा क आहे" असें मनांत ठरवितो, आणि आपल्या पानावर स्वच्छ, नवा क लिहितो. फुटलेली शाई व वांकडी रेघ मागच्या पानावरच राहते. ह्याचें कारण एवढेंच कीं, अक्षरें ठरलेलीं व मोजकीं आहेत. क आणि ख ह्यांच्या अधलें मधलें अक्षर नाहीं. परंतु एखादा चितारी जर चित्रावरून चित्र काढूं लागला, तर मूळ चित्रावरचा डाग मूळ चिताऱ्यानेंच काढला होता कीं काय, हें त्यास कळण्याचा उपाय नाहीं; तो डागासकट उतरवील, आणि वर आपल्या हाताचा डाग देईल. पोथीच्या दहाव्या प्रतीचें अक्षर पहिल्या प्रतीइतकें ठसठशीत असूं शकतें. चित्राची दहावी प्रत तशी नसते.

तारायंत्रानें हेंच केलें. वाटेंतील ठाण्यावर रिले नांवाचें एक लहानसें यंत्र ठेवीत. दमून आलेला क्षीण प्रवाह एका विद्युच्चुंबकांत शिरे आणि एक हलकी पट्टी आपणाकडे ओढी, इतकीच त्याची शक्ति उरलेली असे. ती पट्टी ओढली जातांच दुसऱ्या, ताज्या बॅटरीचा मार्ग मोकळा होई, आणि पुढच्या तारेंत पूर्ण जोराचा नवा प्रवाह सुटे. जुना प्रवाह पुढें जातच नसे. त्यानें दिलेली बातमी तेवढी जात असे. किंचित् खरखरीनें पट्टी हालत नसे, म्हणून ती तेथेंच मरे.

ह्याचा परिणाम इतिहासांत स्पष्ट दिसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून पश्चिम किनाऱ्यापर्यंत तार १८६१ सालीं पोंचली. टेलिफोनचा शोध १८७६ सालीं लागला, तरी न्यूयॉर्कहून सॅन फ्रॅन्सिस्कोशीं टेलिफोनवर बोलण्याचा मार्ग १९१५ च्या जानेवारींतच उघडला. तो सुमारें ३४०० मैलांचा मार्ग होता, आणि त्यासाठीं प्रथम चांगले वर्धक दिवे शोधून काढावे लागले. मधली ३९ वर्षें टेलिफोन काय शिकत होता? तर अखंड संकेतास लांब वाट चालवावयास. तारेस तें मुळापासूनच येत होतें.

आमच्या मतें ह्या सर्व विषयांतील मुख्य गोष्ट हीच आहे, आणि जाहिराती वाचून "डिजिटल म्हणजे गोड आवाज" असें समजणारे लोक नेमकी तीच विसरतात. अंकांच्या संकेताचा गुण गोडवा हा नव्हे. तो वाटेंत पुन्हां नवा करतां येतो, हा त्याचा गुण आहे.

आवाजाचे अंक कसे करतात

येथें चाणाक्ष वाचक विचारील कीं, अक्षरांचे टिंब व रेघ झाले हें समजलें. पण मनुष्याचा आवाज तर उतारासारखा अखंड आहे, त्याच्या पायऱ्या कशा करणार? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर निघावयास बराच काळ गेला.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग असा कीं, आवाज सतत न पाहतां ठराविक वेळानें त्याचा नमुना घ्यावा. पाटाचें पाणी किती आहे हें पाहावयास पाटकरी दिवसभर पाटावर बसून राहत नाहीं. घटकेघटकेनें जाऊन पाणी कोठवर आलें तें पाहतो. पाणी सावकाश चढतें, म्हणून एवढें पुरतें. तें जर झपाट्यानें चढूं उतरूं लागलें, तर अधिक वेळां जावें लागेल. किती वेळां जावें, ह्याचा नियम आहे. संकेतांतील सर्वांत जलद कंप दर सेकंदास जितका, त्याच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले असतां कांहींही हरवत नाहीं. हॅरी नायक्विस्ट ह्यानें १९२८ सालीं तारायंत्राच्या वेगाचा विचार करतांना ह्या नियमाचा पाया घातला. टेलिफोनवर बोलणें नीट समजावयास दर सेकंदास ३०० पासून ३४०० पर्यंतचे कंप पुरतात. ३४०० ची दुप्पट ६८००. थोडी मोकळीक ठेवून टेलिफोनवाल्यांनीं ८००० ही संख्या धरली. तेव्हां आपण "हॅलो" म्हणेपर्यंत यंत्र आपल्या आवाजाकडे कित्येक हजार वेळां पाहून मोकळें झालेलें असतें.

दुसरा भाग असा कीं, प्रत्येक नमुन्याची उंची एका ठरलेल्या जिन्यावर मोजावी आणि जवळच्या पायरीचा क्रमांक तेवढा लिहून घ्यावा. टेलिफोनच्या जिन्यास २५६ पायऱ्या असतात. ह्यांत थोडी लबाडी होते हें कबूल केलें पाहिजे. ज्या सोनाराकडे गुंजेपर्यंतच वजनें आहेत, तो अर्ध्या गुंजेचा हिशेब करूं शकत नाहीं. तो एक तर गुंज धरील किंवा सोडील. तसा येथें प्रत्येक नमुन्यांत पायरीच्या अर्ध्यापर्यंत फरक राहून जातो, आणि तो फरक पुढें कोणत्याही उपायानें भरून येत नाहीं. मात्र तो एकदांच, आरंभींच होतो. वाटेंत वाढत नाहीं. शिवाय हा जिना बांधणाऱ्यांनीं एक शहाणपण केलें आहे: हळू आवाजाकडच्या पायऱ्या अगदीं लहान ठेवल्या आणि मोठ्या आवाजाकडच्या मोठ्या. सोनें गुंजेनें मोजावें आणि जोंधळे पायलीनें, हें त्यांसही ठाऊक होतें.

२५६ पायऱ्यांपैकीं एक पायरी सांगावयास किती शब्द लागतील? फक्त आठ "होय-नाहीं" पुरतात. पायरी वरच्या अर्ध्यांत आहे काय? होय. म्हणजे १२८ उरल्या. त्यांच्या वरच्या अर्ध्यांत आहे काय? नाहीं. ६४ उरल्या. असें अर्धें अर्धें करीत गेलें म्हणजे आठव्या उत्तरास एकच पायरी उरते; वाचकांनीं पाटीवर करून पाहावें. "होय" ह्यास १ आणि "नाहीं" ह्यास ० लिहितात, आणि अशा एका उत्तरास बिट म्हणतात. हा शब्द क्लॉड शॅनन ह्याच्या १९४८ सालच्या प्रसिद्ध निबंधांत छापून आला. तो सुचविणारा जॉन ट्यूकी, असें शॅनननें त्याच निबंधांत म्हटलें आहे. आतां गुणाकार करा. दर सेकंदास ८००० नमुने, प्रत्येकाचे ८ बिट. एका मनुष्याचें बोलणें म्हणजे दर सेकंदास ६४,००० बिट झालें.

ही युक्ति अ‍ॅलेक रीव्हझ नांवाच्या इंग्रज इंजिनिअरास १९३७ सालीं, पॅरिस येथें काम करीत असतां सुचली. परंतु दर सेकंदास इतकीं उत्तरें देणारें यंत्र त्या काळच्या दिव्यांचें करावें तर तें अवजड व महाग होई. म्हणून सामान्य टेलिफोनांत ही युक्ति बरींच वर्षें वापरांत आली नाहीं. ट्रान्झिस्टर निघाल्यावर १९६२ सालीं अमेरिकेंत दोन जोड तारांवर २४ जणांचीं बोलणीं अंकरूपानें एकाच वेळीं जाऊं लागलीं. प्रत्येकाच्या नमुन्यास पाळीपाळीनें जागा द्यावयाची, एवढीच त्यांतली मख्खी. विहिरीवर चोवीस घरांचे हंडे एका रहाटानें पाळीपाळीनें भरावे तसें.

आपल्या देशांतील खेड्यांशीं ह्या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. भारत सरकारनें १९८४ सालीं सी-डॉट नांवाची संस्था काढली. तिनें खेड्यांकरितां १२८ जोडांचें एक लहान डिजिटल एक्स्चेंज तयार केलें, आणि असें पहिलें एक्स्चेंज १९८६ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें बसविण्यांत आलें. त्यास थंड केलेली खोली लागत नसे. आपल्या उन्हाळ्यांत, धुळींत तें चाले. परदेशचीं मोठीं यंत्रें ह्या कामीं फारशीं सोयीचीं नव्हतीं. पुढें गांवोगांवीं जे पिवळ्या पाट्यांचे टेलिफोनचे बूथ दिसूं लागले, त्यांपैकीं पुष्कळांच्या मागें अशीं लहान एक्स्चेंजेंच होतीं.

एक गैरसमज

कित्येकांस असें वाटतें कीं, डिजिटल तारेंतून खरोखरीचे शून्य आणि एक वाहत असतात. तसें नाहीं. तांब्याची तार, कांचेचा तंतु आणि मोकळें आकाश हीं स्वभावतः अखंडच आहेत. प्रवाह सुरू करतांना आपण कितीही तीक्ष्ण कड दिली, तरी दूरच्या टोंकास ती बोथट होऊनच पोंचते. भेद लहरींत नाहीं, ती वाचणाऱ्याच्या ठरावांत आहे: "ह्या रेषेच्या वर असेल तर एक समजेन, खालीं असेल तर शून्य समजेन." हा ठराव असला म्हणजे कोणत्याही अखंड लहरीवर अंक चढवितां येतात.

जुन्या टेलिफोनवर मोडेम हेंच करीत असे. १९६२ सालचें बेल कंपनीचें मोडेम, संदेश आरंभ करणाऱ्या बाजूनें, शून्याकरितां दर सेकंदास १०७० कंपांचा सूर काढी आणि एकाकरितां १२७० कंपांचा. तार बोलण्याचीच, तिला वाटे कीं कोणी शीळ घालीत आहे. भारतांत सामान्य लोकांकरितां इंटरनेट ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें, तेव्हां तें टेलिफोनच्या तारेवरून ह्याच जातीच्या, पण अधिक जलद मोडेमांनीं येत असे. आरंभीं होणारी त्यांची किरकिर पुष्कळांस आठवत असेल. मोबाईलच्या मनोऱ्याचीही लहर अखंडच असते. तिची उंची व तिचें मागेंपुढें सरकणें ठरलेल्या मोजक्या जागींच ठेवतात, म्हणून ती अंक वाहते.

स्वच्छ पण खोटें

आतां ह्या रीतीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. पोथी उतरविणाऱ्या लेखकानें डागाळलेला "घ" पाहून तो "ध" वाचला, तर काय होईल? "घर" ह्याच्या जागीं तो "धर" लिहील, आणि तें मोत्यासारख्या अक्षरांत लिहील. पुढच्या वाचकास संशय यावयास डागसुद्धां उरणार नाहीं. अंकांच्या संकेताचा धोका हाच आहे. खरखर मर्यादेत असेपर्यंत तो निर्मळ राहतो. मर्यादा ओलांडली कीं एकाचें शून्य होतें, आणि पुढचें ठाणें तें शून्य पूर्ण जोरानें, पूर्ण विश्वासानें पुढें धाडतें.

म्हणूनच डिजिटल यंत्रें हळूहळू बिघडत नाहींत, एकदम बिघडतात. जुन्या दूरदर्शनच्या पडद्यावर वाऱ्यानें अ‍ॅण्टेना हालला म्हणजे "मुंग्या" येत. तरी मुंग्यांतून चित्र दिसे आणि बातमी ऐकूं येई. हल्लीं घराच्या माथ्यावरील छत्रीचें चित्र पावसाची मोठी सर येईपर्यंत झकास असतें, मग त्याचे चौकोन पडतात, आणि मग कांहींच नाहीं. मध्यंतरींची स्थिति जवळजवळ नसतेच. जुनें टाकून नवें घेतांना आपण काय दिलें, हेंही लक्षांत असावें.

चूक ओळखण्याचा उपाय मात्र फार प्राचीन आहे, आणि तो मोजणें हाच. इब्री शास्त्राच्या प्रती राखणारे मासोरा-पंडित प्रत्येक पुस्तकाच्या शेवटीं त्यांतील वचनें मोजून संख्या लिहून ठेवीत. नवी प्रत मोजावी, संख्या जुळली नाहीं तर कोठें तरी गळलें किंवा वाढलें आहे हें समजावें. यंत्रेंही तेंच करतात. दर सात बिटांमागें एक आठवा बिट असा घालावा कीं, एकांची संख्या नेहमीं सम व्हावी. पोंचलेल्या आठांत ती विषम निघाली, तर वाटेंत बिघाड झाला. पुन्हां पाठवा म्हणून सांगावें. ह्यांत दोन बिट एकदम बिघडले तर चूक लपते, म्हणून अधिक कसलेल्या रीति निघाल्या. आपल्या आधार क्रमांकाचे बारा अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक आधींच्या अकरांवरून गणितानें काढलेला असतो. एखादा अंक चुकीचा लिहिला, किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट केले, तर हिशेब जुळत नाहीं आणि कॉम्प्युटर तो क्रमांक नाकारतो. परंतु क्रमांकाचा हिशेब जुळला म्हणजे तो सांगणाऱ्याचाच आहे असें सिद्ध होत नाहीं. गणित अंकांची साक्ष देतें, मनुष्याची देत नाहीं. फसविणारे लोक ह्याच फटींतून शिरतात.

ह्याहून वरचा उपाय म्हणजे चूक ओळखून ती पुन्हां न विचारतां दुरुस्त करणें. दुकानांत पैसे देण्याकरितां जो काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा क्यूआर छाप चिकटविलेला असतो, तो कोपऱ्याजवळ थोडा फाटला किंवा हळदीनें माखला तरी पुष्कळदां चालतो. त्यांत जरुरीपेक्षां जास्त चौकोन मुद्दाम भरलेले असतात, आणि उरलेल्यांवरून हरवलेले काढतां येतात. सर्वांत अधिक राखण असलेल्या प्रकारांत सुमारें ३० टक्के मजकूर बिघडला तरी तो भरून काढतां येतो.

मनोरा दूर असतां

हें सर्व ज्ञान एका प्रसंगीं उपयोगी पडतें, तो प्रसंग आमच्या डोंगराकडच्या वाचकांस ठाऊक आहे. रात्रीं कोणास तरी साप चावतो, मोबाईलवर एकच काडी दिसते, फोन लागतो पण शब्द तुटतात, आणि मनुष्य "हॅलो, हॅलो" करीत आंगणांत फिरतो. अशा वेळीं बोलण्याचा हट्ट धरून बसूं नये. १०८ किंवा ११२ हे क्रमांक लावीत असतांनाच, दुसऱ्या कोणीं तरी जवळच्या गांवांतील गाडीवाल्यास व नातलगास साधा एसएमएस पाठवावा. कारण हें: बोलणें थांबूं शकत नाहीं. त्याचे बिट आत्तां पोंचले तर उपयोगाचे, दोन सेकंदांनीं पोंचले तर फुकट. लिखित संदेश थांबूं शकतो. तो लहान असतो. पोंचला नाहीं तर यंत्र पुन्हां पाठवितें. आणि घेणाऱ्याचा फोन क्षेत्राबाहेर असला तर कंपनीचें यंत्र संदेश जवळ ठेवून, फोन पुन्हां दिसतांच त्यास देतें. अर्थात् संदेश गेला म्हणजे तो वाचला गेला असें नव्हे. उत्तर मागवावें, आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्यासही कळवावें.

एका एसएमएसांत ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षरास ७ बिट लागतात, म्हणून इंग्रजींत १६० अक्षरें जातात. मराठी अक्षराकरितां सामान्यतः १६ बिट लागतात. उदाहरणार्थ, "क" ह्याचा जगभर ठरलेला क्रमांक २३२५ आहे, आणि तो सोळा बिटांत ००००१००१०००१०१०१ असा लिहितात. ११२० ला १६ नीं भागिलें असतां ७० येतात. ह्या सत्तरांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण आणि दोन शब्दांतील मोकळी जागा हीं सर्व निरनिराळीं मोजलीं जातात. "मी" हें दिसावयास एक अक्षर, पण त्याच्या खुणा दोन. संदेश सत्तरांहून लांब झाला तर त्याचे तुकडे होतात, आणि एखादा तुकडा मागें राहूं शकतो. "बाबांना सर्पदंश. गाडी घेऊन शाळेपाशीं या." ह्या संदेशाच्या खुणा ४० होतात. उरलेल्या ३० खुणांत गांवाचें व वाडीचें नांव घालावें. नमस्कार आणि खुशाली मागाहून लिहितां येईल.